जेलचा रंग आणि आयोडीनचा हिशेब

आशाताई घरी येतात, चमचाभर मीठ मागून घेतात, ते बशीत पसरतात आणि छोट्या बाटलीतून त्यावर एक थेंब टाकतात. मीठ आयोडीनयुक्त असेल तर थेंब पडलेल्या जागी फिकट जांभळा ते गडद निळा-जांभळा असा काहीतरी रंग उमटतो. सोबतच्या कार्डावर 0, 7, 15 आणि 30 पीपीएम अशा चार चौकटी असतात. रंग त्यांच्याशी ताडून पाहायचा आणि वहीत नोंद करायची. राष्ट्रीय आयोडीन न्यूनता विकार नियंत्रण कार्यक्रमात ठरलेल्या जिल्ह्यांत महिन्याला अशा 50 नमुन्यांमागे आशाताईंना 25 रुपये मिळतात. म्हणजे नमुन्यामागे आठ आणे.

थेंबाची ही चाचणी स्वस्त, सोपी आणि बऱ्याच वर्षांची आहे. तिच्या पुढची पिढी आता प्रयोगशाळांतून बाहेर पडू पाहते आहे. नखाएवढी जेलची चकती किंवा छोट्या नळीच्या झाकणात बसवलेला जेलचा थर, त्यावर नमुन्याचे चार थेंब, काही मिनिटांची वाट आणि मोबाइलने काढलेला फोटो. मीठ, समुद्री शेवाळ, पाणी, दूध, लघवी या सगळ्यांतलं आयोडाइड असल्या एकाच चकतीने मोजता येईल, असं त्यांच्याबद्दल सांगितलं जातं. किराणा दुकानात किंवा केमिस्टकडे त्या अजून सर्रास मिळत नाहीत. पण जेव्हा मिळतील तेव्हा विज्ञानाचे शिक्षक, डेअरीवाले, गृहोद्योग चालवणाऱ्या महिला आणि आरोग्यसेवक यांच्या हातात त्या आधी पडतील. चकती काय वाचते आणि काय वाचत नाही, हे त्यांनी आधीच समजून घेतलेलं बरं.

पाणी धरून ठेवणारी जाळी म्हणजे हायड्रोजेल. भिजलेल्या सब्जाच्या बियांभोवतीचा बुळबुळीत थर, चायना ग्रासची जेली, बाळाच्या डायपरमधला फुगणारा चुरा ही त्याचीच रूपं. ओटो विख्टरले आणि ड्राहोस्लाव्ह लिम या प्रागच्या दोघा रसायनतज्ज्ञांनी 1960 साली शरीराला मानवेल असं हायड्रोजेल जगापुढे मांडलं. पुढच्या वर्षी नाताळात विख्टरलेंनी मुलांच्या जोडणीच्या खेळण्याचे सुटे भाग आणि सायकलचा डायनॅमो जुळवून घरच्या घरी यंत्र उभं केलं आणि त्यावर मऊ कॉन्टॅक्ट लेन्स फिरवून काढल्या. तपासणीच्या कामाला तेच तत्त्व वेगळ्या कारणासाठी उपयोगी पडतं. जेलच्या जाळीत रसायन अडकवून ठेवता येतं, त्यामुळे ते सांडत नाही आणि मोजून घालावंही लागत नाही. आयोडाइडसारखा लहान आयन जाळीतून आत शिरतो. दुधातली चरबी किंवा मोठी प्रथिनं बरीचशी बाहेर राहतात. कागदी पट्टीवर रंग कडेला ओघळतो, जेलमध्ये तो एकसारखा पसरतो, आणि मोबाइलच्या कॅमेऱ्याला एकसारखा रंगच हवा असतो.

एक गोष्ट मात्र घाई करणाऱ्यांनी लक्षात ठेवावी. आयोडाइडला जेलच्या आत झिरपत जावं लागतं. जेल एक मिलिमीटर जाड असेल तर त्याला साधारण चार-पाच मिनिटं पुरतात. जाडी दुप्पट केली की वेळ चौपट होतो. दोन मिनिटांत फोटो काढून ‘आयोडीन नाही’ म्हणणाऱ्याने बहुतेक वेळा फक्त जेलचा वरचा थर वाचलेला असतो.

रंग वाढतो की उतरतो?

या चकत्या आयोडाइड ओळखतात ते मुख्यतः तीन तऱ्हांनी. पहिल्या तऱ्हेत जेलमध्ये धातूचे अतिसूक्ष्म कण असतात. ते एन्झाइमसारखं काम करतात आणि हायड्रोजन पेरॉक्साइडच्या मदतीने टीएमबी नावाच्या रंगहीन द्रव्याला निळं करतात. आयोडाइड या कणांच्या पृष्ठभागावर जाऊन बसतं आणि त्यांचा वेग बदलतं, काही रचनांत वाढवतं, काहींत कमी करतं. दुसऱ्या तऱ्हेत जेल अतिनील दिव्याखाली चमकतं आणि आयोडाइड आलं की ती चमक मंदावते. तिसऱ्या तऱ्हेत चांदी असते, कारण चांदी आणि आयोडाइड यांचं संयुग पाण्यात जवळपास विरघळतच नाही.

आपल्या हातातल्या संचात आयोडाइडमुळे रंग चढतो की उतरतो, हे वापरणाऱ्याने सगळ्यात आधी विचारावं. हा प्रश्न दिसतो त्याहून महत्त्वाचा आहे. रंग उतरणाऱ्या संचात पेरॉक्साइडची बाटली जुनी झाली, कुणी झाकण उघडं ठेवलं किंवा चकती वाळली, तरी रंग येतच नाही. आणि ‘रंग आला नाही’ याचा त्या संचातला अर्थ असतो ‘आयोडाइड भरपूर’. म्हणजे बिघडलेला संच सगळं उत्तम असल्याचं सांगतो. अशा संचात प्रत्येक वेळी एक चकती निव्वळ डिस्टिल्ड वॉटरवर चालवावी. त्या चकतीला पूर्ण रंग आला नाही तर त्या दिवसाची सगळी रीडिंगं बाद धरावीत. रंग चढणाऱ्या संचात उलट धोका असतो: तिथे पाण्यातलं क्लोरीन आयोडाइड नसतानाही टीएमबी निळं करून टाकतं. नळाचं पाणी तपासताना हे हमखास घडू शकतं. पाणी उघड्या भांड्यात बराच वेळ ठेवून, क्लोरीन उरलं नाही याची खात्री करून मगच ते चकतीवर टाकावं.

आयोडीन कोणत्या रूपात आहे?

आजच्या हिमाचल प्रदेशातल्या कांग्रा खोऱ्यात 1956 च्या सुमारास डॉ. व्ही. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गलगंडावरचा तो प्रसिद्ध प्रयोग सुरू केला. खोऱ्याचे तीन विभाग पाडले. एका विभागाला पोटॅशियम आयोडाइड घातलेलं मीठ, दुसऱ्याला पोटॅशियम आयोडेट घातलेलं आणि तिसऱ्याला साधं मीठ. काही वर्षांत पहिल्या दोन्ही विभागांत गलगंडाचं प्रमाण उतरलं, साध्या मिठाच्या विभागात तसं झालं नाही. या अनुभवाच्या बळावर 1962 साली राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम आला आणि 1992 साली त्याचं नाव बदलून आजचं झालं.

शरीराला आयोडाइड काय, आयोडेट काय, दोन्ही चालतात, कारण आयोडेटचं पोटात आयोडाइडच होतं. मिठाच्या पोत्याला मात्र दोन्ही सारखे नाहीत. ओलसर, फारशा शुद्ध नसलेल्या मिठात आयोडाइडचं हवेने आयोडीन होतं आणि ते उडून जातं. आयोडेट जास्त टिकतं. म्हणून भारतात मिठात आयोडेट घालतात. अमेरिकेत आयोडाइड घातलेलं मीठही सर्रास मिळतं.

आणि इथेच जेलची गफलत होते. आयोडाइड ओळखणारी उत्तम चकती आपल्याकडच्या उत्तम मिठाच्या पाण्यात बुडवली तर ती प्रामाणिकपणे शून्य दाखवील. चकतीही बरोबर, मीठही बरोबर, निष्कर्ष मात्र सपशेल चूक. आयोडेटचं आधी आयोडाइड करून घ्यावं लागतं. त्यासाठी व्हिटॅमिन सी, म्हणजे अॅस्कॉर्बिक आम्ल, वापरता येतं. पण ते जास्त झालं तर पेरॉक्साइड आणि टीएमबीचा निळा रंगही तेच पुसून टाकतं. तेव्हा भारतीय मिठासाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या संचात ही पायरी मोजून दिलेली आहे का, हे पाहावं. नसेल तर तो संच मिठासाठी घेऊ नये, पाकिटावर काहीही छापलेलं असो. आशाताईंच्या बाटलीचं नेमकं उलट आहे. ती आयोडेटसाठी बनवलेली असते, त्यामुळे तिचा थेंब लघवीत टाकून काहीच कळणार नाही.

मिठाची दुसरी अडचण गर्दीची. दुकानातल्या मिठात किमान 15 पीपीएम आयोडीन असावं असा आपल्याकडचा नियम आहे. पंधरा पीपीएमच्या मिठात आयोडीनच्या एका अणूमागे क्लोराइडचे सुमारे दीड लाख आयन असतात. चांदीवर चालणाऱ्या चकतीला या गर्दीतून तो एक शोधायचा असतो. क्लोराइडपेक्षा आयोडाइडची चांदीशी गाठ फार घट्ट, म्हणून ते जमतं. पण काठावर जमतं. शिवाय दाट खारट पाण्यात काही जेलं आकसतात आणि आकसलेल्या जेलमध्ये तोच रंग गडद दिसतो. म्हणून तुलनेसाठीची स्टँडर्ड द्रावणं साध्या पाण्यात बनवून उपयोग नाही. तेवढंच मीठ घातलेल्या पाण्यात ती बनवावीत, आणि त्यासाठीचं मीठ आयोडीन नसलेलं हवं.

असं मीठ शोधायला लांब जावं लागत नाही. उपासाचं शेंदेलोण, उरण-पेणकडचं किंवा गोव्यातल्या मिठागरांतलं खडे मीठ यांत मुळात आयोडीन नगण्य असतं. समुद्राचं मीठ म्हणजे आयोडीनचं मीठ, हा समज मात्र काढून टाकावा. समुद्राच्या लिटरभर पाण्यात मीठ 35 ग्रॅमच्या आसपास आणि आयोडीन फार तर 50-60 मायक्रोग्रॅम. ते सगळं मिठात उतरलं असं धरलं तरी प्रमाण दोन पीपीएमच्या आतच राहतं. हल्ली काही कंपन्या शेंदेलोणातही आयोडीन घालतात, तेव्हा ब्लँकसाठी, म्हणजे आयोडीन नसलेल्या तुलनेच्या द्रावणासाठी, घेताना पाकीट वाचावं. पादेलोण मात्र या कामाला अजिबात घेऊ नये. त्याचा तो ओळखीचा वास सल्फाइडचा असतो. सल्फाइड चांदी काळी करतं आणि स्टार्चचा निळा रंगही मारतं.

नमुना घेण्यातही शिस्त हवी. कारखान्यात आयोडेट मिठावर फवारलेलं असतं, ते पाकिटात सगळीकडे सारखं नसतं. वरची चिमूट घेऊन पूर्ण किलोचा निकाल लावू नये. पाकीट हलवून, तीन-चार ठिकाणचं मिळून निदान 10 ग्रॅम मीठ काढावं, ते सगळं विरघळवावं आणि त्यातला थेंब घ्यावा. कोकणातल्या पावसाळ्यात ओट्याजवळ उघड्या राहिलेल्या बरणीतलं मीठ आणि त्याच गठ्ठ्यातलं बंद पाकीट शेजारी शेजारी तपासून पाहण्यासारखं असतं. पाणी सुटलेल्या मिठातून आयोडीन कमी होतं, हे तिथे डोळ्यांनी दिसू शकतं.

शाळेत करता येण्याजोगं जेल

नॅनोकणांची चकती विकत मिळेपर्यंत शिक्षकांनी थांबायचं कारण नाही. आयोडेट ओळखणारं एक साधं जेल शाळेच्या प्रयोगशाळेत होतं. 100 मिलिलिटर डिस्टिल्ड वॉटरमध्ये एक ग्रॅम अगर आणि अर्धा ग्रॅम विरघळणारा स्टार्च उकळून घ्यावा. थोडं निवल्यावर त्यात एक ग्रॅम पोटॅशियम आयोडाइड मिसळावं आणि काचेच्या बशीत जेमतेम दोन मिलिमीटरचा थर ओतावा. आम्ल जेलमध्ये घालू नये. गरम अगर आम्लाने सैल पडतो आणि आयोडाइडही हवेने लवकर बिघडतं. थर घट्ट झाला की बशी पांढऱ्या कागदावर ठेवावी. 20 ग्रॅम मीठ 100 मिलिलिटर पाण्यात विरघळवून त्यात अर्धा चमचा लिंबूसत्व टाकावं आणि त्याचे दोन थेंब जेलवर सोडावेत. आयोडीनयुक्त मीठ असेल तर थेंबाखाली जांभळट डाग उमटतो आणि हळूहळू खोल उतरत जातो.

इथे लिंबूसत्वाचे स्फटिकच का आणि ताजा लिंबाचा रस का नको? रसातलं व्हिटॅमिन सी तयार झालेलं आयोडीन खाऊन टाकतं आणि डाग फिका पडतो. अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या ‘डार्ट’ पुस्तिकेत बटाट्याच्या फोडीवर मीठ आणि लिंबाचे दोन थेंब टाकून निळा रंग पाहण्याची चाचणी दिलेली आहे. ‘आहे की नाही’ एवढं पाहायला ती ठीक. पण रंग गडद की फिका यावरून प्रमाणाचा अंदाज बांधायला गेलं की लिंबाचा आंबटपणाही त्यात मोजला जातो. डब्यात ठेवलेली बशी दोन दिवसांनी आपोआप निळसर दिसू लागली तर तिचा वापर थांबवावा. हवा आणि उजेड यांनी जेलमधल्या आयोडाइडचंच आयोडीन केलेलं असतं.

हे जेल मिठापुरतंच. 15 पीपीएमच्या मिठाचं वरच्या प्रमाणातलं पाणी घेतलं तर त्यात लिटरला 3 मिलिग्रॅम आयोडीन येतं, आणि तेवढं स्टार्चला सहज दिसतं. लघवीत ते लिटरला 100-200 मायक्रोग्रॅम असतं, म्हणजे पंधरा ते तीस पट कमी. तिथे स्टार्च आंधळा ठरतो. सूक्ष्म कणांच्या आणि चमकणाऱ्या जेलांची गरज तिथे पडते.

याच ठिकाणी एककांचा घोळही निस्तरावा. मिठाचा हिशेब पीपीएममध्ये चालतो, लघवी आणि पाण्याचा लिटरला मायक्रोग्रॅममध्ये, आणि संशोधक मात्र मायक्रोमोलर लिहितात. एक मायक्रोमोलर आयोडाइड म्हणजे लिटरला 127 मायक्रोग्रॅम. ‘आमची चकती एक मायक्रोमोलरपर्यंत ओळखते’ हे ऐकायला भारी वाटतं, पण आयोडीनच्या कमतरतेची रेघ लिटरला 100 मायक्रोग्रॅमवर आहे. ही चकती ज्यांची कमतरता पकडायची त्यांनाच पाहू शकणार नाही. त्यातही ‘ओळखू शकते’ आणि ‘मोजू शकते’ हे दोन आकडे वेगळे असतात, आणि मोजण्याचा आकडा साधारण तिपटीने मोठा निघतो. विकणाऱ्याकडून मोजण्याचा आकडा मागून घ्यावा.

पाण्याबद्दल महाराष्ट्रात सहसा कुणी विचारत नाही, पण जगात हा प्रश्न गंभीर आहे, आणि तो कमतरतेचा कमी, अतिरेकाचा जास्त. चीनच्या हबेई आणि शानडोंग प्रांतांतल्या काही भागांत भूजलातच इतकं आयोडीन आहे की तिथे आयोडीन नसलेलं मीठ पुरवावं लागतं. लिटरला 100 मायक्रोग्रॅमच्या वर गेलेलं पाणी चीन जास्त आयोडीनचं मानतो. अल्जीरियातल्या तिंदूफजवळच्या सहरावी निर्वासितांच्या छावण्यांत पाण्यातून आलेल्या जादा आयोडीनमुळे मुलांत गलगंड आढळला. खोल बोअरच्या पाण्यात ऑक्सिजन कमी असल्याने आयोडीन बहुधा आयोडाइडच्या रूपात असतं, म्हणजे चकतीला सोयीचं. तेच पाणी क्लोरीन घालून नळाला आलं की बरंचसं आयोडेट झालेलं असतं. एकाच गावच्या बोअरचं रीडिंग जास्त आणि नळाचं कमी आलं, तर पाणी शुद्ध करताना आयोडीन निघून गेलं असं लगेच धरू नये.

दुधात आयोडीन येतं चाऱ्यातून आणि गोठ्यातून. धार काढल्यावर कासदाह टाळण्यासाठी सड आयोडीनच्या द्रावणात बुडवतात. पुढच्या धारेआधी सड नीट पुसले नाहीत तर ते दुधात उतरतं. दुधातलं आयोडाइड बहुतांशी पाण्याच्या भागात असतं. म्हणून दूध फाडून, गाळून निवळी चकतीवर टाकावी. अल्जिनेटच्या जेलने दूध किंवा लघवी तपासताना थोडं जपावं लागतं. अल्जिनेटची जाळी कॅल्शियमने बांधलेली असते आणि फॉस्फेट व सायट्रेट ते कॅल्शियम ओढून घेतात. दहा मिनिटांत चकती लिबलिबीत झाली, कडा विरघळल्या, तर त्या चकतीचा रंग वाचू नये.

समुद्री शेवाळाचं प्रकरण वेगळं. कोम्बू म्हणजे केल्प जातीच्या वाळवलेल्या शेवाळात ग्रॅमला हजार मायक्रोग्रॅमहून जास्त आयोडीन असू शकतं. प्रौढ माणसाची रोजची गरज 150 मायक्रोग्रॅम, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या आईची 250. ऑस्ट्रेलियात 2009 साली बॉनसॉय नावाचं सोयादूध बाजारातून मागे घ्यावं लागलं. त्यात कोम्बू घातलेला होता आणि ते पिणाऱ्यांना थायरॉइडचे त्रास झाले. असे पदार्थ तपासताना नमुना शंभर पट किंवा त्याहून पातळ करावा. चकतीचा रंग एका मर्यादेनंतर बदलायचा थांबतो, आणि अतिरेक असलेला नमुना तिथे ‘पुरेसा’ म्हणून निसटतो. पातळ केल्यावरचं रीडिंग त्याच प्रमाणात उतरलं तरच त्यावर विश्वास ठेवावा.

लघवीचं रीडिंग कुणासाठी?

खाल्लेल्या आयोडीनपैकी नव्वद टक्क्यांहून जास्त लघवीवाटे बाहेर पडतं आणि ते आयोडाइडच असतं. त्यामुळे जेलसाठी लघवीसारखा नमुना नाही. 1937 साली सँडेल आणि कोल्टहॉफ यांनी मांडलेली पद्धत आजही जगभरच्या प्रयोगशाळांत याच कामाला वापरतात. सीरियमचा पिवळा रंग आयोडाइडमुळे किती लवकर उडतो, हे त्यात पाहतात. ती पद्धत उत्तम, पण तिला आर्सेनिक लागतं. विष न वापरता, गावात बसून तेच मोजता आलं तर जेलचा खरा उपयोग झाला असं म्हणता येईल.

पण मोजून करायचं काय, इथे लोक चुकतात. माणसाने सकाळी किती पाणी प्यायलं, आदल्या रात्री काय खाल्लं, यावर लघवीतलं आयोडीन दिवसात कितीतरी पट हलतं. एका नमुन्यावरून एका माणसाला ‘तुम्हाला आयोडीन कमी आहे’ असं सांगता येत नाही. त्यासाठी वेगवेगळ्या दिवसांचे दहाएक नमुने लागतात. जागतिक आरोग्य संघटनेचे आकडे समूहासाठी आहेत. शाळकरी मुलांच्या गटाचा मध्यक 100 ते 199 मायक्रोग्रॅम असेल तर पुरेसं, 300 च्या वर गेला तर अतिरेक. गरोदर स्त्रियांच्या गटासाठी 150 ते 249. भारताच्या 2018-19 च्या पाहणीत मध्यक 173 च्या आसपास आला आणि पुरेसं आयोडीन असलेलं मीठ 76 टक्के घरांत आढळलं. एखाद्या शाळेतल्या तीसेक मुलांचे नमुने घेऊन मध्यक काढणं हा जेलचा चांगला वापर. त्यातल्या एका मुलीचं रीडिंग 60 आलं म्हणून तिच्या आईला फोन करणं हा वाईट. गळ्याला गाठ, थकवा, वाढ खुंटणं अशी शंका असेल तर डॉक्टरांकडे जाऊन टीएसएचची रक्तचाचणी करावी.

एका ठिकाणी मात्र एकट्या माणसाच्या लघवीतलं आयोडीन खरोखर कामाचं असतं. थायरॉइडच्या कर्करोगात किरणोत्सारी आयोडीन देण्याआधी रुग्णाला एक-दोन आठवडे दिवसाला 50 मायक्रोग्रॅमच्या आतला, कमी आयोडीनचा आहार देतात. परळचं रेडिएशन मेडिसिन सेंटर 1963 पासून अशा उपचारांचं देशातलं महत्त्वाचं ठिकाण आहे. पथ्य नीट पाळलं गेलं का, सीटी स्कॅनचं काँट्रास्ट औषध शरीरातून गेलं का, हे लघवीवरून कळू शकतं. तरी त्या रीडिंगचा अर्थ न्यूक्लिअर मेडिसिनच्या डॉक्टरांनीच लावायचा. हृदयासाठी अॅमिओडॅरोन घेणाऱ्यांच्या बाबतीत तर चाचणी करूच नये. 200 मिलिग्रॅमच्या एका गोळीत सुमारे 75 मिलिग्रॅम आयोडीन असतं, म्हणजे चकतीच्या कुठल्याही पट्टीच्या बाहेर.

नमुना घेताना जखमेवर लावायचं तपकिरी पोविडोन आयोडीन त्या खोलीतही नसावं. नर्सच्या बोटाला लागलेला त्याचा ठिपका बाटलीत गेला तर एका शाळेचा मध्यक बिघडतो. त्याच टेबलावर आधी मीठ तपासलं असेल तर लघवीचं काम दुसऱ्या खोलीत न्यावं. नमुना स्क्रूच्या झाकणाच्या बाटलीत, घट्ट बंद करून थंड ठेवावा. व्हिटॅमिन सीची गोळी घेतलेल्याचा नमुना पेरॉक्साइडच्या चकतीवर फसवा रंग देतो, तेव्हा तो त्या दिवशी घेऊ नये.

मोबाइलचा फोटो हा या सगळ्यातला सगळ्यात बेभरवशाचा भाग. ट्यूबलाइटखाली एक आकडा, खिडकीत दुसरा. हल्लीचे फोन फोटो ‘सुंदर’ करण्याच्या नादात रंग परस्पर बदलतात. आतून पांढऱ्या केलेल्या खोक्यात एकच एलईडी लावावा, खोक्याला फोनपुरतं भोक ठेवावं आणि फोनचा एचडीआर आणि ब्युटी मोड बंद करावा. नमुन्याच्या चकतीशेजारी ब्लँक आणि दोन-तीन स्टँडर्डच्या चकत्या एकाच फोटोत याव्यात. मग उजेड बदलला तरी सगळ्यांचा मिळून बदलतो. दर वेळी एका नमुन्यात माहीत असलेलं आयोडाइड मुद्दाम घालून पाहावं. लिटरला 100 मायक्रोग्रॅम घातलं आणि रीडिंग 40 नेच वाढलं, तर त्या नमुन्यातलंच काहीतरी आड येत आहे.

मिठात आयोडीन कमी आहे असं जेलने सांगितलं तर लगेच दुकानदाराशी भांडायला जाऊ नये. त्याच पाकिटातलं 10 ग्रॅम मीठ टायट्रेशनला द्यावं. जवळच्या महाविद्यालयाच्या रसायनशास्त्र विभागात हे अर्ध्या तासाचं काम आहे. 0.005 मोलर थायोसल्फेट जितके मिलिलिटर लागेल त्याला 10.58 ने गुणलं की पीपीएम मिळतात. तिथेही 15 च्या खाली निघालं तर पाकीट, बॅच नंबर आणि खरेदीची पावती घेऊन अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करता येते. अधिकृत नमुना त्यांचे अधिकारी स्वतः घेतात. घरच्या चकतीचा फोटो पुरावा म्हणून चालत नाही.

वापरलेल्या चकत्या बेसिनमध्ये सोडू नयेत. चांदीच्या आणि नॅनोकणांच्या चकत्या वेगळ्या बरणीत साठवून प्रयोगशाळेच्या रासायनिक कचऱ्यात द्याव्यात. लघवी लागलेल्या चकत्या दवाखान्याच्या पिवळ्या पिशवीत जातात. पॉलिअॅक्रिलामाइडचं जेल स्वतः बनवणाऱ्याने हातमोज्यांशिवाय कच्च्या द्रावणाला हात लावू नये, कारण न जुळलेलं अॅक्रिलामाइड मज्जातंतूंना घातक असतं. स्टार्च आणि अगरची शाळेतली बशी मात्र भरपूर पाण्याने धुऊन पुन्हा वापरायला हरकत नाही.